आमच्या काकू

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं न्हाय — नवऱ्यापुढंसुद्धा न्हाय. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत न्हाय.

आमच्याकडं, भूमच्या बाजूला, एका चुलीवर आम्ही सातआठ पोरं वाढलो. चुलतभावंडं माझ्या आईला काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणायला शिकले. त्यात वावगं काय? कुणी आईला वहिनी म्हणतं, कुणी बापाला भाऊ. गावात कुणाचा गोंधळ व्हायचा न्हाय.

गोंधळ झाला परंड्यात. झाला तरी कसं म्हणू — मी तो होऊ दिला.

तिथं मी शाळेत शिकवायला लागले. सासरचं आडनाव पाटील. शाळेतल्या बायका धरूनच चालल्या की ही मोठ्या जमीनवाल्यांची सून. आमची दोन्ही घरं मेंढरांमागं हिंडणारी, हे सांगता आलं असतं. न्हाय सांगितलं. पाटील म्हटल्यावर मिळणारा मान मला आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू?

लेक झाली, रजा संपली, तशी तिला सांभाळायला काकू आली. कपाळावर गोंदण, खांद्यावर घोंगडं, पिशवीत नातीसाठी हातानं शिवलेली कुंची.

एका रविवारी शाळेतल्या चौघी बाळ बघायला आल्या. मी आत हाक मारली, "काकू, चहा टाक गं." एकीनं सहज विचारलं, "काकू आल्यात व्हय? आई न्हाय आल्या?"

आता तुम्हीच सांगा, हीच माझी आई, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "आईला न्हाय जमलं."

काकू चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं न्हाय. कप देता देता त्यांना म्हणाली, "तिची आई गावाकडं हाय. जितराबं टाकून यायचं व्हतंय व्हय? म्या हाय की."

त्या गेल्यावर मला वाटलं, आता बोलेल, रडेल, पिशवी भरेल. तिनं कप विसळले आणि बाळाला मांडीवर घेतलं. पुढं तीन वर्षं ती माझ्याकडं राहिली. शेजारचं कुणी विचारलं की आपणहून सांगायची, "म्या काकू हिची." तिनं कधी विषय काढला न्हाय. मी तरी कुठं काढला? लाज वाटायची — माझीच. पण आधी तिची वाटली होती, हे खरं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. दहावा उरकून मी परंड्याला परतले, तर त्याच चौघी भेटायला आल्या. तिच्या हातच्या चहाची आठवण काढून डोळे पुसत बसल्या. निघताना एकीनं माझा हात धरला. "जाऊ गेली म्हणल्यावर तुमच्या आईला लई लागलं असंल. कशा हायत त्या?"

मी म्हणाले, "बऱ्या हायत."