ए पण आणि बी पण

बी.ए.ला प्रवेश घ्यायला मी आणि आबा मोडनिंबहून एस.टी.ने सोलापूरला आलो. आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखतात. त्या दिवशी मेंढरं चुलत्यांकडे सोपवून, धुतलेला पटका बांधून ते माझ्याबरोबर कॉलेजच्या खिडकीसमोर उभे होते. खिडकीतल्या क्लार्कबाईंनी माझी कागदं चाळली आणि विचारलं, "एबीसी आयडी आणलाय का?"

मी आबांकडं बघितलं. आबा पुढं झाले. म्हणाले, "एबीसी येतीया की बाई तिला. पयलीपासनं येतीया."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. क्लार्कबाई हसल्या नाहीत. त्यांना घाई होती. "तसं नाही हो काका. क्रेडिटची बँक असते, तिचा आयडी लागतो."

"आमचं खातं मोडनिंबच्या बँकेत हाय. पासबुक आणलंय," आबा म्हणाले आणि बंडीच्या खिशात हात घातला.

रांगेत मागं उभ्या असलेल्या एका मुलीनं माझा मोबाइल मागून घेतला, मला आधार नंबर विचारला, एक-दोनदा काहीतरी दाबलं आणि स्क्रीनवर एक लांबलचक आकडा आणून दिला. "हा घे तुझा एबीसी. यात पैसे नसतात, मार्क जमा होतात." ती सोलापुरातच, सात रस्त्याजवळ राहणारी. तिच्या वडिलांची रिक्षा. घरी दखनी उर्दू बोलायची, माझ्याशी मराठी. पुढं ती माझी मैत्रीण झाली, पण त्या वेळी मार्क बँकेत कसे जमा होतात हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आबा मात्र परत जाताना एस.टी.त बसेपर्यंत म्हणत होते, "व्याज मिळतंय का त्याच्यावर, इचारून ठीव."

हॉस्टेलला राहायला लागले आणि खरा गोंधळ सुरू झाला. पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला विचारलं, "तुमचा मेजर काय?" आमच्याकडं फौजेतून सुट्टीवर आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. माझ्या मावशीचा नवरा मेजर, वस्तीच्या पलीकडचे दोघं मेजर. सर माझ्याकडं बघत होते. मी उभी राहिले. शेवटी त्यांनीच कागद बघून सांगितलं, "तुमचा मेजर मराठी, मायनर इतिहास. बसा."

मी बसले. मेजर झाला, मायनर झाला, मग ओई आला, एईसी आला, आयकेएस आला. वर्गात कुणीच काही विचारत नव्हतं. सगळे माना हलवत होते, म्हणून मीही हलवायची. मैत्रिणीचा मेजर इतिहास होता, त्यामुळं आम्ही दोघी फक्त एकाच तासाला एकत्र असायचो. तिला एकदा मी विचारलं, "तुला कळतंय का गं सगळं?" ती म्हणाली, "कुणाला कळतंय? वर्ग कुठला आणि मॅडम कुठल्या तेवढं लक्षात ठेवायचं. बाकीचं आपोआप होतं."

मी तसंच केलं. माझा सगळ्यांत आवडता तास भाषांतराचा होता. आमच्या विभागप्रमुख मॅडम तो घ्यायच्या. कधी दुकानाची पाटी, कधी औषधाच्या बाटलीवरची सूचना फळ्यावर लिहायच्या आणि म्हणायच्या, "आता हे तुमच्या आईला समजेल असं सांगा." त्या तासाला मी एकदाही गैरहजर राहिले नाही. आमच्या तोंडात तो 'भाषांतराचा तास'. त्याला आणखी काही नाव असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

परीक्षेचं वेळापत्रक मोबाइलवर आलं. सगळं इंग्रजीत, विषयांची नावं नाहीत, नुसती अक्षरं. मेजरचे पेपर मी ओळखले, मायनरचा ओळखला. एका तारखेपुढं लिहिलं होतं व्हीएससी. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, बीएससी लिहायचं असेल, टाइप करणाऱ्याची चूक झाली. तरी खात्री करावी म्हणून शेजारच्या खोलीतल्या सीनियर ताईला विचारलं, "ताई, व्हीएससीचा पेपर कुणाला असतो?"

ती स्वतःचा अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याचा त्याचा वेगळा असतो."

मला वाटलं, म्हणजे आपला नाही.

त्या पेपरच्या आदल्या दिवशी मी दुपारची एस.टी. धरून घरी गेले. घरी मेंढरांची कातरणी चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मेंढीचे पाय धरायची आणि आबा कातरीनं लोकर उतरवायचे. अंगाला लोकरीचा वास लागला होता, आई चहा घेऊन आली होती, आणि मला फार बरं वाटत होतं. परीक्षेच्या मधे अशी सुट्टी मिळते, याचंच कौतुक वाटत होतं.

निकाल लागला तेव्हाही मी घरीच होते. मोबाइलवर उघडून आबांना वाचून दाखवला. एका विषयात ए, एकात बी प्लस, पुन्हा ए. आणि एका ठिकाणी एबी.

"एबी म्हंजी?" आबांनी विचारलं.

मी विचार केला. ए आणि बी शेजारी शेजारी होते. "ए पण आणि बी पण. दोन्ही," मी म्हणाले.

"दोन्ही दिलं? मग लईच झालं की!"

खाली एटीकेटी असंही लिहिलं होतं. ते शिक्क्यासारखं काहीतरी असावं असं वाटून मी वाचलंच नाही. आबा उठून मोडनिंबच्या स्टँडवर गेले आणि पेढे घेऊन आले. वस्तीवर वाटले. टेंभुर्णीला आत्या राहते, तिला फोन लावून सांगितलं, "आमच्या पोरीला ए आन् बी दोनी मिळाल्यात." आत्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि तिकडून आनंदानं रडायला लागली.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मी तिला उत्साहानं निकाल सांगितला. एबीपर्यंत आले आणि तिनं मला थांबवलं.

"एबी म्हणजे ॲबसेंट असतं गं," ती हळूच म्हणाली. "पेपरला गेलीच नाहीस का तू?"

"सगळे पेपर दिलेत मी."

"कोणत्या विषयापुढं आहे?"

"व्हीएससी."

"तुमचा व्हीएससी तर भाषांतराचा ना? माझा पर्यटनाचा होता, दुसऱ्या दिवशी." मग तिनं एटीकेटीचाही अर्थ सांगितला. पुढच्या सत्रात जाता येतं, पण राहिलेला पेपर परत द्यावा लागतो. मी फोन ठेवला. भाषांतराला पेपरच नसतो असं मी धरून चालले होते; आपण काय केलं तेच मला धड समजत नव्हतं. अभ्यास केला होता, तास केले होते, आणि तरी मी नव्हतेच?

आबा वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या कोंडत होते. मी जाळीपाशी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"म्हंजी तू तितं हजर न्हवतीस?"

"न्हाय आबा."

"मग कुटं हुतीस?"

"हितंच. तुमच्याबरुबर. मेंढरं धरत हुते."

आबांनी वाघराची जाळी बांधून घेतली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "सकाळी जाऊ सोलापूरला. सांगू की त्यास्नी, पोरगी हितं हजर हुती म्हणून."

दुसऱ्या दिवशी खरंच ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच बोलले, "बाई, पोरगी कुटं हुंदडत न्हवती. माझ्यापशी हुती. कातरणी चालू हुती. मीच साक्ष हाय."

मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं. माझ्याकडं वळून विचारलं, "तू तर माझ्या प्रत्येक तासाला पुढच्या बाकावर असायचीस. पेपरला का आली नाहीस? मला वाटलं, आजारी पडलीस."

"मॅडम, तो बीएससीचा वाटला."

"तू ज्या तासाला बसत होतीस, तोच व्हीएससी."

"मला वाटलं ते भाषांतर आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू आलं, आणि लगेच त्यांनी ते आवरलं. नियमापुढं काही करता येणार नाही, पुढच्या परीक्षेच्या वेळी हा पेपर द्यावा लागेल, असं त्यांनी आबांना नीट समजावून सांगितलं. आबांनी विचारलं, "त्या व्हीएससीला मराठीत काय म्हंत्यात?"

मॅडम म्हणाल्या, "व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम."

"हे तर त्याच्यापरास अवघड हाय," आबा म्हणाले. मॅडम आता मोकळ्या हसल्या, आणि मलाही हसू आलं. आबा मात्र हसले नाहीत. आत्याला आता काय सांगायचं, याचा विचार ते करत असावेत.

पुढच्या परीक्षेत मी तो पेपर दिला. माझ्या मागच्या बाकावर अक्कलकोटकडची एक मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी. पेपर सुरू व्हायच्या आधी मी तिला विचारलं, तुझा हा पेपर कसा राहिला. ती म्हणाली, तिला ती अक्षरं म्हणजे वर्गाचा नंबर वाटली होती. पूर्ण कॉलेजभर ती व्हीएससी नावाची खोली शोधत फिरली, आणि खरा वर्ग सापडला तोवर दार बंद झालं होतं. आम्ही दोघी एवढ्या हसलो की पर्यवेक्षकांनी दटावलं. पेपर सोपा गेला. त्यात खताच्या पिशवीवरची सूचना मराठीत करायची होती. ती मी आईला सांगावी तशी लिहिली आणि पास झाले.

दुसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात सीईपी असं नवीन काहीतरी आलं. या वेळी मी मान हलवली नाही. सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "मॅडम, हे काय असतं? मला आहे का हे?"

मॅडमनी चष्मा लावून मोबाइल जवळ धरला, लांब धरला.

"थांब हं," त्या म्हणाल्या, "मलाही ऑफिसात विचारावं लागेल." आणि मला तिथंच उभं करून त्या जिन्यानं खाली गेल्या.