काकांसाठी घेतलेला प्रोसेसर

दिलीपकाकांना जाण्याआधी लेकीचं लग्न बघायचं होतं आणि त्यासाठी मला प्रोसेसर घ्यायचा होता.

लग्न घाईनं उरकलं तेच काकांसाठी. पण हळदीच्या दिवशी त्यांनाच दवाखान्यात न्यावं लागलं आणि पल्लवीचं कन्यादान माझ्या वडिलांनी केलं. (रडण्यात ते नवरीच्याही पुढं होते.) शूटिंग माझं. उस्मानपुऱ्यात माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं, तर पल्लवी एकदा हसली की मी चहा पिऊन येईपर्यंत हसतच राहायची.

"प्रोसेसर बदलावा लागंल," मी म्हणालो.

"मी येतो संगं," मामा म्हणाला.

तिथंच सगळं बोंबललं. मामा वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. कोटेशनमधून काहीतरी उडवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. दुकानदार बिचारा समजावत होता की व्हिडिओच्या कामाला हा घ्या, यात ग्राफिक्स आतच आहे.

"ग्राफिक्स कशाला? ह्याला काय गेम खेळायचेत? ते काढा अन् भाव कमी करा."

"बिगर ग्राफिक्सका भी आता है, लेकिन साहब..."

"आता है ना? मग तोच द्या."

"मामा, तो काय म्हणतोय ते ऐक तरी."

"तू गप. इथंच माणूस फसतो."

मी गप बसलो. (धंदा माझा आहे, हे पुन्हा सांगून ठेवतो.)

माझ्या दुकानात आणून बसवला. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळा. चित्र दाखवणारा भागच आम्ही घासाघीस करून काढून टाकला होता.

तेवढ्यात काकूचा फोन. "झाला का रे व्हिडिओ? डॉक्टर म्हणतायत, जवळच्यांना बोलावून घ्या. अन् हे सारखं तेच विचारतायत."

"होतच आलाय काकू," मी काळ्या स्क्रीनसमोर बसून सांगितलं. मला रडू येत होतं. मामा म्हणाला, "वायर हलवून बघ."

उघडलेला डबा परत घ्यायला दुकानदारानं हात जोडून नकार दिला. शेवटी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं, प्रोसेसरपेक्षा महाग. मामा बाहेर गाडीपाशीच थांबला.

मग मात्र मशीन असं पळालं की मी चेकाळलोच. हार घालणं स्लो मोशनमध्ये, अक्षता स्लो मोशनमध्ये, पल्लवीनं मान वर करणं तर विचारूच नका. काकांसाठी जीव ओतला होता.

दवाखान्यात त्यांच्यासमोर मोबाईल धरला. पल्लवी उशाशी बसली होती. मोबाईलमधली पल्लवी हळूहळू, लई हळूहळू मान वर करत होती. काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मला वाटलं, आता शाब्बास म्हणतील.

"पळव रे जरा," ते म्हणाले. "एवढा वेळ कुठाय मला?"

पल्लवी हसली अन् मग तिला हसणं आवरेना, रडणंही आवरेना. एवढा प्रोसेसर घालून जे मी हळू केलं होतं, ते मीच अंगठ्यानं पळवत पाठवणीपर्यंत नेलं. पाठवणी तेवढी काकांनी सगळी बघितली. तिथं स्लो मोशन टाकायला मी विसरलो होतो.