टीव्हीशी भांडणारे सर

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात रंगीत टीव्ही आला, तो शिकवण्यासाठी. दुपारी दिल्लीचे प्राध्यापक त्यावर इंग्रजीत व्याख्यान द्यायचे. आम्हा खेड्यांतून येणाऱ्या मुलींना त्यातलं काही कळत नसे. लवकरच टीव्हीचा हॉल ओस पडला.

एके दुपारी आमचे अर्थशास्त्राचे सर तिथे बसले होते. वर्गात ते कायम पुस्तकी मराठी बोलत. पण पडद्यावरचा सुटाबुटातला माणूस शेतीवर बोलू लागला आणि सर ताडकन उठून थेट अहिराणीत ओरडले.

"बठ्ठं खोटं शे, भाऊ! कपाशी कधी देखी शे का?"

आम्ही दोघी मैत्रिणी दारातच थबकलो. "सर, सगळंच खोटं? तो काय म्हणाला?" मी विचारलं.

सरांनी आधी त्याचं म्हणणं आम्हाला नीट समजावलं आणि मग ते मुद्द्यामुद्द्याने खोडून काढलं. पडद्यावरच्या बिचाऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अख्खा वर्ग घेऊन गेलो. पुढे तर बसायला जागा मिळेना. प्राचार्यांनी खिडकीतून गर्दी पाहिली. "पोरांना टीव्हीची गोडी लागली!" म्हणत त्यांनी खुशीत रसायनशास्त्र विभागालाही एक टीव्ही मागवला.

तिथल्या बाई मात्र टीव्हीपुढे नुसती मान डोलवत बसायच्या. तिकडे कोणी फिरकलंच नाही.