नैवेद्याचा पडदा

मननने धारच्या घरात कॅमेरा बसवला तो गेल्या भाद्रपदात, त्याचे आजोबा न्हाणीत घसरून पडल्यावर. वायफाय धड मिळायचं ते देवांच्या फडताळासमोरच, म्हणून कॅमेराही तिथेच लागला. "अब देवासला बसून बघ तुझ्या नानांना, जितकं बघायचं तितकं," तो आईला म्हणाला. इरावतीला वाटलं, चला, घोर मिटला.

नाना म्हणजे तिचे वडील नीलकंठराव, जन्मभर दुसऱ्यांच्या घरी पूजा सांगितलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याला मर्यादा घातली. नैवेद्य दाखवल्यावर देव जेवतात, आणि जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये. म्हणून आधी कॅमेऱ्यावर उपरणं पडायचं. इरावती शिकवायची त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाईल उघडायची तो नेमका अंधार, नि अंधारातून मंत्र ऐकू यायचे. शेवटी देवांचे हात धुवायचे शब्द झाले, ताम्हनात पाणी पडलं, की उपरणं निघायचं आणि नाना तेच ताट पुढ्यात ओढायचे. संक्रांतीला त्यांनी कॅमेऱ्यापुढे वडी धरली, "घे, तोंड गोड कर," म्हणाले. चैत्रात कैरीची डाळ दाखवून तिला जळवलं.

उन्हाळ्यात तो अंधार लांबायला लागला. सुट्टी संपायची, तिचा पुढचा तास संपायचा, तरी उपरणं तिथेच. संध्याकाळी फोनवर नाना म्हणत, पोटभर जेवलो. पण बंडी खांद्यावरून ओघळायला लागली होती. शेवटी तिने शेजारच्या रघुजींना आत पाठवलं. त्यांनी उपरणं काढलं तेव्हा दिसलं, वरणावर साय धरलेली आणि ताटासमोर नाना हात जोडून बसलेले.

"बेन, कई रिया हे के भगवान अबी जीमी रिया हे," रघुजी म्हणाले.

देव अजून जेवताहेत. मग इरावतीच्या लक्षात आलं. हात धुवायचे शब्द नाना विसरले होते. ते झाल्याशिवाय देव पानावरून उठत नाहीत, आणि देव उठल्याशिवाय नाना जेवत नाहीत.

तिने त्यांना देवासला आणून पाहिलं. माझे देव तिकडे उपाशी आहेत म्हणत त्यांनी इथेही ताट सरकवलं, तेव्हा परत नेऊन सोडावं लागलं. स्वयंपाकाला बाई ठेवली, ती सोवळ्यात नाही म्हणून घालवली. शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावले, तर कागद फाडला. मला वाचून पूजा करायला सांगतेस?

मग ती रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या अडगळीच्या खोलीत जाऊन कॅमेऱ्यातून बोलायला लागली. "नाना, हस्तप्रक्षालनं समर्पयामि."

उपरण्यापलीकडून पाणी पडल्याचा आवाज यायचा.

"कोण सांगतंय?"

"मी, इरा."

"बायकांनी सांगायचं नसतं," म्हणत ते उपरणं काढायचे आणि जेवायचे. शाळेतल्या उर्वशी मॅडम तिला ऑनलाइन पंडिताईन म्हणायला लागल्या. म्हणू देत. महिनाभरात बंडी पुन्हा अंगाला लागली. पण रविवार असो की सणवार, दुपारी इरावतीला कुठे जाता येईना. ताप आला तरी घसा सांभाळायचा.

यंदाच्या भाद्रपदात पावसाने धारची वीज गेली. पहिल्या दुपारी कॅमेरा बंद, तेव्हा रघुजींच्या मोबाईलवरून तिने शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी वीज आली नव्हतीच, आणि रघुजी लेकीकडे सरदारपुरला अडकले होते. नाल्याला पूर, रस्ता बंद, सांज के पेलां नी अई सकूं, बेन, म्हणजे संध्याकाळच्या आत येणं नाही, असं त्यांनी कळवलं. इरावती अर्धी रजा टाकून बसमध्ये बसली. देवासहून निघालेली बस इंदूरच्या अलीकडेच पाण्यात थांबली.

दुपार टळत आली होती. तिने नानांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. तिने परत लावला. पूजेत असताना नाना फोनला हात लावत नसत, आणि तिचे शब्द कानी पडल्याशिवाय ती पूजा संपणार नव्हती.