ओरिजिनल इंजिन
काल चिक्कीचा पाक करपला आणि त्या वासासरशी अंधेरीतली आमची फाउंड्री डोळ्यांपुढे आली, कारण साच्याच्या वाळूत आम्ही काकवी मिसळायचो आणि वितळलेलं लोखंड ओतलं की शेडभर असाच वास सुटायचा. कॉलेजातल्या मित्राने त्याच्या जुन्या गाडीचा तडकलेला इंजिन ब्लॉक आणला होता, तसा दुसरा आता कुठेच मिळत नव्हता. त्याने तो स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढला आणि त्यावरून वाळूचा साचा मी केला. पहिले दोन ब्लॉक फुकट गेले. तिसरा अखंड निघाला तेव्हा तो ओरडला, "झकास! आपण केलं यार हे!" ब्लॉकच्या कडेला बाबांच्या फाउंड्रीची खूण घालायचं त्यानेच सुचवलं होतं. पुढे त्याने गाडी विकायला काढली, तेव्हा मीही हौसेने गेले. बॉनेट उघडून तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "इंजिन ओरिजिनल आहे, कुणी हात लावलेला नाही." मी वाकून पाहिलं, तर खूण घासून तिथे तडकलेल्या ब्लॉकचा जुना नंबर ठोकलेला. "हे काय रे?" मी विचारलं. तो गिऱ्हाइकाकडे बघून हसला, "ओळखीच्या आहेत, सहज आल्यात." इतक्या वर्षांत मला त्याने पहिल्यांदाच अहोजाहो केलं. मी गिऱ्हाइकाला म्हणाले, "हा ब्लॉक मी ओतलाय." गिऱ्हाइकाने ब्लॉकवरून हात फिरवला आणि मान हलवली, "छे मॅडम, असं काम आता कोण करतं?" गाडी त्याच दिवशी गेली. मित्राशी मी अजून बोलत नाही, आणि माझ्या कामाचं इतकं कौतुकही त्यानंतर कुणी केलेलं नाही.