रोलिंग मिलचा आवाज

सिनेमात एखादा बॉस सेल्समनवर गरजायला लागला की मला फोडणीतल्या मोहरीचा वास येतो. मी वॉटर फिल्टर विकायचे तेव्हा आमचे नागपूरचे साहेब दर सोमवारी तसलाच सीन मोबाईलवर दाखवायचे, मग स्वतः हिंदीत तस्सेच गरजायचे, आणि आम्ही मान खाली घालून उभे राहायचो. एका रविवारी, टार्गेट हुकलं म्हणून, ते थेट कोहका वस्तीतल्या आमच्या घरी आले आणि दारातच सुरू झाले, "नौकरी करनी है कि नहीं?" आत आई पोह्यांना फोडणी देत होती. बाबा बाहेर आले. पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलच्या धडधडाटात ओरडून बोलण्यात त्यांचा जन्म गेला होता, कानही गेले होते. साहेबांचं गरजणं त्यांना ऐकूच आलं नाही. पाहुणा दारात उभाच दिसला म्हणून ते मायेनं म्हणाले, "उभे कावून राहिले जी? बसा! पोहे खाल्ल्याबिगर जाऊ देत नाही!" खिडकीची तावदानं थरथरली. साहेब मटकन बसले, बारीक आवाजात, चक्क मराठीत म्हणाले, "हो काका," आणि बशीभर पोहे निमूट संपवले. आता माझ्याच हाताखाली टीम आहे. टार्गेट हुकलं की सगळे माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहतात, आणि माझ्या तोंडून बाबांच्याच आवाजात निघतं, "उभे कावून राहिले जी? बसा!"