वहिनींची ड्रिलिंग सायकल

वहिनी हसल्या की शेजारच्या गाळ्यातला माणूस लेथ थांबवून विचारायचा, "काय झालं?" अंबडमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपच्या त्या मालकीणबाई. नव्वदीच्या शेवटी त्यांच्या यजमानांनी, म्हणजे भाऊंनी, एक जुनी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी, मिलिंग मशीन घेतली. लेथवर भाऊंचा हात बसलेला, पण कीबोर्ड दिसला की त्यांना घाम फुटायचा. वहिनी लग्नाआधी इगतपुरीला टायपिंग शिकवायच्या. सातपूरच्या एका क्लासला जाऊन त्या प्रोग्रामिंग शिकून आल्या आणि मशीन त्यांची झाली.

मी तिथे ऑपरेटर होतो. माझा पहिला प्रोग्राम भलताच लांबला होता: प्रत्येक भोकासाठी खाली जा, वर ये, पुढे सरक. तो वाचता वाचता हसून हसून वहिनींना डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

"अरे, दर भोकाला नवं निमंत्रण कशाला? ड्रिलिंगची सायकल, ते खाली-वर जायचं चक्र, एकदा सांग, मग नुसते भोकांचे पत्ते देत जा. आणि शेवटी जी-ऐंशीचा कोड टाकून ती बंद कर, नाहीतर बाई जातील तिथे भोकं पाडत सुटतील!"

बाई म्हणजे मशीन.

खोल भोकासाठी जी-त्र्याऐंशी हा कोड. त्यात ड्रिल थोडं आत जातं, वर येऊन चिप्स, म्हणजे धातूचा कीस, झटकतं, पुन्हा आत जातं. भाऊ डब्यावर तुटून पडले की वहिनी ओरडायच्या, "अहो, त्र्याऐंशी! जरा दम घ्या मधे." भाऊ निमूटपणे पाणी प्यायचे.

एकदा मोठ्या कंपनीचे साहेब ट्रायल बघायला आले. जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा भाग, पास झाला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. साहेब प्रत्येक प्रश्न भाऊंनाच विचारत होते. वहिनींना तर त्यांनी चहा आणायला सांगितलं. पहिलं भोक झालं, ड्रिल पुढे निघालं आणि वहिनींनी झटकन मशीन थांबवली. ड्रिल जॉबच्या जेमतेम वर आलं होतं आणि वाटेत जॉब पकडून ठेवणारा क्लॅम्प उभा होता. बोटभर अंतर राहिलं होतं.

"जी-नव्व्याण्णव तसंच राहिलं माझ्याकडून," वहिनी म्हणाल्या आणि प्रोग्राममध्ये तिथे त्यांनी जी-अठ्ठ्याण्णव केलं. आता ड्रिल दर भोकानंतर पार वरपर्यंत उचललं जाऊन क्लॅम्प ओलांडू लागलं.

"काय बदललं?" साहेबांनी भाऊंना विचारलं.

"मला काय विचारता साहेब? प्रोग्रामर या आहेत," भाऊ म्हणाले. "चहा मी आणतो."

आणि खरंच ते किटली घेऊन बाहेर पडले. वहिनी लाजलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. जॉब पास झाला.

पुढे मी सिन्नरला स्वतःचा गाळा घेतला. पूजेला दोघं एसटीने आली. नारळ भाऊंनी फोडला. वहिनींनी माझा प्रोग्राम स्क्रीनवर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली आणि मग त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे वळल्या.

"हे ताट ठेव आणि इथे बस. याला काही कळत नाही, मी सांगते."

त्या दुपारी जेवणं गार झाली. आज आमच्याकडचे सगळे प्रोग्राम बायको लिहिते. मी मशीनवर जॉब बांधतो.